अमेरिकेतली प्रेअरी: कधी जायचं, कुठं थांबायचं, काय टाळायचं

अमेरिकेतल्या मराठी घरांत सुट्टीचा बेत ठरू लागला की ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, नायगारा ही नावं आपोआप पुढे येतात. कॅन्सस, नेब्रास्का आणि इलिनॉय मात्र 'वाटेत लागतात'. आय-80 किंवा आय-70 हायवेवर क्रूझ कंट्रोल लावायचा, मागच्या सीटवर मुलांना झोपू द्यायचं आणि डेन्व्हर गाठायचं. याच वाटांच्या दोन्ही बाजूंना जगातल्या सर्वात वेगाने संपलेल्या परिसंस्थांपैकी एक, म्हणजे प्रेअरी (मोकळं गवताळ माळरान), थोडीशी शिल्लक आहे, आणि ती बघायला फारसं कुणी थांबत नाही. हा लेख थांबू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील, तर त्यांच्या सोयीचंही लिहिलं आहे.

प्रेअरीकडे 'साइटसीइंग' म्हणून गेलात तर पदरी निराशा येईल. डोंगर नाही, धबधबा नाही, पाटी लावलेला व्ह्यू पॉइंट क्वचितच. इथे महिना आणि दिवसाची वेळ बरोबर साधावी लागते. दुसरं म्हणजे, उरलेली बरीचशी प्रेअरी खासगी मालकीची आहे. ती नांगराखाली घालायची की गवत राखायचं, हे तिथले रँचर, म्हणजे गुरं पाळणारे जमीनमालक, दरवर्षी पैशाचं गणित मांडून ठरवतात. आपण तिथे कुठे राहतो, कुणाला पैसे देतो आणि कसं वागतो, याचा त्या गणितावर परिणाम होतो. म्हणून या लेखात प्रवासाच्या सूचना आणि संवर्धनाच्या सूचना वेगळ्या काढलेल्या नाहीत.

जाण्याआधी एवढं माहीत हवं

उंच गवताची प्रेअरी एके काळी उत्तर अमेरिकेत सुमारे 17 कोटी एकरांवर पसरलेली होती. आज तिचे चार टक्केही उरलेले नाहीत. इलिनॉयमध्ये तर 2 कोटी 20 लाख एकरांपैकी उत्तम स्थितीतली मूळ प्रेअरी जेमतेम अडीच हजार एकर आहे. जॉन डिअरने 1837 मध्ये इलिनॉयच्या ग्रँड डिटूर गावात पोलादी नांगर बनवला, तो चिकट काळ्या मातीतून सहज फिरू लागला आणि पुढच्या काही दशकांत सगळं गवत मक्याच्या आणि गव्हाच्या शेतांत गेलं.

कॅन्ससमधल्या फ्लिंट हिल्स वाचल्या त्या दगडामुळे. तिथे मातीचा थर पातळ, खाली चुनखडीचा खडक आणि त्यात गारगोटीचे थर. नांगर चालेना, म्हणून तिथे गुरं चरत राहिली आणि गवत टिकलं.

हे गवत जमिनीवर दिसतं त्याहून जास्त जमिनीखाली असतं. बिग ब्लूस्टेम या मुख्य गवताची मुळं आठ-दहा फूट खोल जातात. त्यामुळे आग लागली, बायसन या रानटी गुरांनी चरून फस्त केलं किंवा दुष्काळ पडला, तरी ते पुन्हा उगवतं. एकदा नांगरलं की मात्र ही मुळं आणि त्यांच्याभोवतीची सारी जीवसृष्टी जाते. ती परत उभी करायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही.

आधी महिना ठरवा, ठिकाण नंतर

मार्चमध्ये नेब्रास्कातली प्लॅट नदी, करकोच्यांसाठी. एप्रिलमध्ये नेब्रास्काच्या सँडहिल्स किंवा कॅन्सस, प्रेअरी चिकन या माळावरच्या पक्ष्याच्या नाचासाठी. जून-जुलैत फुलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत पूर्ण उंचीला येतं, तांबूस होतं आणि बायसन बघायला हवाही चांगली असते. फक्त उंच गवतच बघायचं असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला जाऊ नका, तेव्हा ते गुडघ्याएवढंच असतं. फुलं आणि उंच गवत दोन्ही एकाच सहलीत बसवायचा मोहही आवरा. एका ऋतूत एकच जागा नीट बघावी.

मार्च: प्लॅट नदीवरचे करकोचे

मला विचाराल तर पहिली प्रेअरी सहल हीच करावी. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रेन, म्हणजे जगातल्या एकूण सँडहिल क्रेनपैकी बहुतांश, मध्य नेब्रास्कात प्लॅट नदीच्या सुमारे 80 मैलांच्या पट्ट्यात उतरतात. दिवसभर ते शेतांत सांडलेला मका आणि ओल्या कुरणांतले किडे खाऊन अंगावर चरबी चढवतात, कारण पुढे कॅनडा, अलास्का आणि काही तर थेट सायबेरिया गाठायचं असतं. रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. कोल्ह्यासारखा कायोटी पाण्यातून आला तर आवाज होतो, म्हणून ही जागा सुरक्षित. मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात भरगच्च.

मुक्काम कार्नी किंवा ग्रँड आयलंडला करा. ओमाहाहून कार्नी तीन तासांच्या आत, डेन्व्हरहून साडेपाच तासांच्या आसपास. शिकागोहून गाडीने दहा तास लागतात, तेव्हा वाटेत ओमाहाला मुक्काम बरा. मार्चमधल्या शनिवार-रविवारी हॉटेलं भरून जातात, त्यामुळे जानेवारीतच बुकिंग करा.

त्याच सुमारास लपणातली, म्हणजे लपून पक्षी बघायच्या खोपटातली, जागाही घ्यायची. गिबन गावाजवळ ऑडुबॉन या पक्षीसंवर्धन संस्थेचं रो अभयारण्य आहे आणि अल्डाच्या बाजूला क्रेन ट्रस्ट. दोन्हीकडे नदीकाठी लाकडी लपणं आहेत, इथले लोक त्यांना 'ब्लाइंड' म्हणतात. मार्गदर्शक अंधारात तुम्हाला तिथे घेऊन जातो. पहाटेचं आणि संध्याकाळचं अशी दोन सत्रं असतात. एकच घेणार असाल तर पहाटेचं घ्या. संध्याकाळी पक्षी अंधार पडता पडता येतात आणि पुष्कळदा फोटोपुरता उजेडच उरत नाही. पहाटे उलटं होतं, दर मिनिटाला चित्र उजळत जातं.

लपणात शिरल्यावर दीड-दोन तास बाहेर पडता येत नाही. हीटर नसतो, तापमान शून्याच्या खाली असू शकतं आणि लाकडी खिडकीतून वारा थेट तोंडावर येतो. आई-बाबांना थर्मल, लोकरीची टोपी, दोन जोड मोजे आणि हातात धरायचे वॉर्मर द्या. निघण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यायला सांगा, हे सांगायला संकोच करू नका. फोनचा स्क्रीन झाकून ठेवा, कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि फोकसचा लाल दिवा बंद करा. कुजबुजही नको. हे नियम शिष्टाचारापुरते नाहीत. अंधारात हजारो पक्षी घाबरून एकदम उडाले तर ते विजेच्या तारांवर आपटून मरतात.

सुरुवातीला काही दिसत नाही, फक्त गुरगुरण्यासारखा घोळक्याचा आवाज येत राहतो. मग नदीत राखाडी रंगाचे वाळूचे पट्टे दिसू लागतात. थोड्या वेळाने त्यातला एक पट्टा मान वर काढतो आणि लक्षात येतं की वाळू नाहीच, सगळे पक्षी आहेत. कपाळावरचा लाल डाग दिसायला लागला की समजा, सूर्य वर आला. कधी ते कुटुंबाकुटुंबाने शांतपणे उडत जातात, तर कधी एखादा टक्कलगरुड वरून गेला की सगळी नदीच उठते.

लपणात जागा मिळाली नाही तरी निराश होऊ नका. फोर्ट कार्नीजवळचा पायी आणि सायकलसाठीचा पूल संध्याकाळी सर्वांना खुला असतो. दिवसा काउंटीच्या रस्त्यांवर गाडीतूनच शेतातले करकोचे बघा. गाडीला ते फारसे बुजत नाहीत, पण दार उघडून माणूस खाली उतरला की सगळा थवा उडतो. प्रत्येक उड्डाणात त्यांनी साठवलेली चरबी खर्च होते. गाडी ठरवून दिलेल्या जागीच थांबवा. पांढरा शुभ्र, उंच असा एखादा पक्षी दिसला तर तो हूपिंग क्रेन असू शकतो. 1941 मध्ये हा पक्षी जगात दोन डझनांहूनही कमी उरला होता. त्याच्या जवळ जाणं, त्याला हुसकावणं हा कायद्याने गुन्हा आहे. दुर्बिणीतून बघा आणि अभयारण्याच्या लोकांना कळवा.

नदी आज जशी दिसते तशी राखायला माणसं राबतात, हेही तिथे विचारून घ्या. वरच्या धरणांनी आणि कालव्यांनी पाणी ओढल्यामुळे प्लॅट अरुंद झाली, वाळूच्या बेटांवर झाडं वाढली. करकोच्यांना मोकळं पात्र लागतं, म्हणून दरवर्षी यंत्रं घालून बेटांवरची झुडपं काढावी लागतात. लपणाच्या तिकिटाचे पैसे या कामाला लागतात.

एप्रिल: प्रेअरी चिकनचा नाच

नेब्रास्काच्या सँडहिल्स म्हणजे गवताने धरून ठेवलेले वाळूचे डोंगर, सुमारे 50 हजार चौरस किलोमीटर. एप्रिलच्या पहाटे इथल्या एखाद्या बुटक्या टेकाडावर ग्रेटर प्रेअरी चिकनचे नर जमतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नारिंगी पिशव्या फुगवतात, मानेवरची पिसं शिंगांसारखी उभी करतात, पाय आपटतात आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा घुमणारा आवाज काढतात. वारा पडलेला असेल तर तो मैलभर ऐकू येतो. मादी मधून शांतपणे चालत जाते आणि निवड करते. आपल्याकडे माळढोकाचा नर गळ्याची पिशवी फुगवून मादीला बोलावतो, तणमोर गवतातून उड्या मारतो. ज्यांनी नान्नजच्या माळावर माळढोक पाहिला आहे किंवा पाहायचा राहून गेला आहे, त्यांना या पहाटेचं मोल सांगावं लागणार नाही.

इथेही लपणातूनच बघायचं. काही रँचर आपल्या जमिनीवरच्या नाचाच्या जागांजवळ जुनी स्कूल बस किंवा लाकडी खोपटं ठेवतात, राहायची सोय करतात आणि पहाटे घेऊन जातात. मी हाच मार्ग सुचवेन. तुमच्या खोलीभाड्यामुळे त्या रँचरला गवत राखण्यात फायदा दिसतो. सूर्योदयाच्या तासभर आधी जागेवर बसायचं आणि शेवटचा पक्षी जाईपर्यंत उठायचं नाही, मग सूर्योदयानंतर दोन तास का लागेनात. मध्येच बाहेर पडलात तर माद्या निघून जातात आणि त्या सकाळचं मीलन फुकट जातं. लहान मुलं तीन तास शांत बसणार नसतील तर त्यांना करकोच्यांच्या पुलावर न्या, इथे नको.

आणखी एक विनंती. नाचाची जागा तुम्हाला स्वतःहून सापडली तर तिचं अचूक ठिकाण फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकू नका. हे नर वर्षानुवर्षं त्याच टेकाडावर येतात. एकदा पत्ता फुटला की दर पहाटे गाड्या येऊन उभ्या राहतात. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणंही टाळा.

जून ते ऑक्टोबर: फ्लिंट हिल्स आणि बायसन

कॅन्सस सिटीहून दोन तासांवर स्ट्राँग सिटी नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या शेजारी टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह, जवळपास 10,900 एकर. 1996 मध्ये याची स्थापना झाली. बरीचशी जमीन द नेचर कॉन्झर्व्हन्सीची आणि व्यवस्था नॅशनल पार्क सर्व्हिसची, अशी वेगळीच रचना आहे. प्रवेश मोफत. ज्यांना फार चालवत नाही त्यांनी उन्हाळ्यात रेंजरबरोबरची बस फेरी आहे का हे आधी तपासावं. चालणाऱ्यांनी विंडमिल पाश्चरमधून जाणारा सीनिक ओव्हरलुकचा रस्ता घ्यावा, याच कुरणात बायसन असतात. सावली अजिबात नाही. माणशी दोन लिटर पाणी न्या आणि उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत चालायला लागा.

बायसन शांतपणे चरताना गरीब म्हशीसारखा वाटतो. पण मोठा नर 900 किलोपर्यंत भरतो आणि ताशी 55 किलोमीटर वेगाने धावतो. शंभर यार्डांहून जवळ जाऊ नका. कळप वाटेवरच बसला असेल तर मोठा वळसा घाला किंवा मागे फिरा. शेपटी उभी राहिली तर मागे सरायला उशीर झालेला असतो. आजी-आजोबांबरोबर बायसनचा सेल्फी घ्यायचा हट्ट इथे कुणीही करू नये. ड्रोनला बंदी आहे.

मार्च-एप्रिलमध्ये फ्लिंट हिल्सला गेलात तर सगळीकडे जळालेल्या काळ्या टेकड्या आणि रात्री आगीच्या रांगा दिसतील. घाबरून फोन करू नका. या ठरवून लावलेल्या आगी असतात. आग लागली नाही तर ईस्टर्न रेड सीडर नावाचं झाड गवतात घुसतं आणि काही दशकांत प्रेअरीचं दाट झाडोऱ्यात रूपांतर होतं. त्यात ना मेडोलार्क राहतो, ना प्रेअरी चिकन. उत्तर अमेरिकेतले गवताळ प्रदेशातले पक्षी 1970 नंतर निम्म्याहून जास्त घटले आहेत, त्यामागे नांगराबरोबर झाडांचं हे आक्रमणही आहे. दम्याचा त्रास असेल त्यांनी मात्र या दिवसांत जाऊ नये, धूर सहन होत नाही.

हे वाचताना महाराष्ट्रातली माळरानं आठवल्याशिवाय राहत नाहीत. सरकारी नकाशांत आपले गवताळ माळ 'पडीक जमीन' म्हणून नोंदले गेले आणि चांगल्या हेतूने त्यांवर गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली. लांडगा, चिंकारा, धाविक यांना झाडांची गर्दी नको, मोकळं गवत हवं. भारतात आलात की पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळच्या कडबनवाडीला वन विभागाची गवताळ सफारी आहे, ती नक्की करा. आणि तुमची कंपनी किंवा मित्रमंडळ माळावर वृक्षारोपण करायला निघालं असेल, तर आधी त्या माळावर काय राहतं याची चौकशी करा.

फ्लिंट हिल्समधून वेळ काढून उत्तरेला काउन्सिल ग्रोव्हला जा. ही भूमी कॉ या मूळ अमेरिकी जमातीची होती. 1873 मध्ये त्यांना इथून ओक्लाहोमात हलवलं गेलं. गावाजवळचं अलेगावाहो स्मारक उद्यान आज कॉ राष्ट्राच्याच मालकीचं आहे. त्या कुरणातून चालताना प्रेअरी 'निर्मनुष्य' कधीच नव्हती, हे कळतं.

शिकागोकरांसाठी जवळचा पर्याय

एका दिवसात जाऊन यायचं असेल तर जोलिएटच्या दक्षिणेचं मिडेविन बघा. दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्याच्या जमिनीवर 1996 पासून प्रेअरी परत उभी केली जात आहे आणि 2015 पासून तिथे बायसन आहेत. गवतातले काँक्रीटचे जुने बंकर अजून दिसतात. त्याहून मला आवडतं ते पश्चिमेला, फ्रँकलिन ग्रोव्हजवळचं नचुसा नावाचं राखलेलं गवताळ रान. तिथे तुम्हाला हातानं काम करता येतं, त्याबद्दल शेवटी लिहितो.

कपडे, किडे, वीज आणि डबा

जून ते सप्टेंबर गवतात शिरायचं तर फुल पँट, पायमोज्यांत खोचलेली, आणि फिक्या रंगाची, म्हणजे गोचीड चढताना दिसते. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारून एक दिवस आधी वाळवून ठेवा. चिगर नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे पट्ट्याच्या आणि मोज्यांच्या कडेला चावतात, खाज आठवडाभर जात नाही. परतल्यावर लगेच गरम पाण्याने आंघोळ करा, काखा, गुडघ्यामागची जागा आणि मुलांची डोकी तपासा.

मोकळ्या गवतात सगळ्यात उंच वस्तू तुम्ही असता. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली नव्हे, गाडीत जाऊन बसा. फोनला रेंज नसते, नकाशे आधीच डाउनलोड करा. पेट्रोलची टाकी निम्म्यावर आली की भरा.

गावांत शाकाहारी माणसाला फ्रेंच फ्राइज आणि 'पाय' नावाचा गोड पदार्थ यापलीकडे फारसं मिळत नाही. दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट-भात असा डबा न्याच. तरी कॉफी आणि 'पाय' गावातल्याच हॉटेलात घ्या. त्या गावाला पर्यटक आलेले कळायला हवेत.

कुंपण, फाटक आणि बूट

कॅन्ससमध्ये जवळजवळ सगळी जमीन खासगी आहे. खांबावर जांभळा रंग फासलेला दिसला तर त्याचा अर्थ 'आत येऊ नका' असाच, पाटी असो वा नसो. फोटोसाठी काटेरी तार ओलांडू नका. सार्वजनिक वाटेवर फाटक बंद असेल तर आत गेल्यावर बंद करा, उघडं असेल तर उघडंच ठेवा. कुणाच्या तरी गुरांचं पाणी त्या फाटकापलीकडे असतं.

पायवाटेच्या सुरुवातीला बूट घासायचा ब्रश बसवलेला असेल तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा वापरा. बुटांच्या नक्षीत अडकलेल्या मातीतून सेरिशिया लेस्पेडेझासारखी परकी तणं पसरतात. गाजर गवताने आपल्या माळांचं काय केलं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना दोन मिनिटांचं हे काम जड वाटू नये.

पैसे आणि वेळ कुठे घालायचा

सगळ्यात सोपं म्हणजे पोस्टात जाऊन 25 डॉलरचं डक स्टँप, म्हणजे मुळात बदकांच्या शिकाऱ्यांना लागणारं तिकीट, विकत घेणं. 1934 पासून चालू असलेल्या या तिकिटातला डॉलरमागे 98 सेंट इतका भाग पाणथळ जागा आणि त्यांच्याभोवतीचं गवत विकत घ्यायला, राखायला जातो. शिकारीशी तुमचा संबंध असण्याची गरज नाही. प्रवेश शुल्क असलेल्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत ते दाखवून मोफत जाता येतं.

वेळ द्यायचा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नचुसात बी गोळा करायला जा. तारखा त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. हातमोजे आणि पाण्याची बाटली घेऊन जायचं, कमरेला बादली अडकवायची आणि आज कोणतं बी घ्यायचं ते ऐकायचं. इंडियन ग्रासचं कणीस मुठीत धरून वर ओढलं की सोनेरी, केसाळ बी हातात येतं. न पिकलेलं असेल तर ते देठ सोडत नाही, मग ते तसंच ठेवायचं. रानटी बर्गमॉटची सुकलेली बोंडं बादलीत उलटी करून झटकायची, ओव्याच्या जवळचा वास येतो. मुलंसुद्धा अर्ध्या तासात शिकतात. हे बी वाळवून, मिसळून जुन्या मक्याच्या शेतांत पेरलं जातं. त्यातलं खिशात घालून घरी आणायचं नाही.

घरामागे छोटी प्रेअरी लावायची इच्छा झाली तर मे महिन्यातल्या स्थानिक रोप विक्रीत आपल्याच भागातल्या बियांची रोपं घ्या. घरमालकांच्या संघटनेचा गवताच्या उंचीचा नियम आधी वाचा. बी पेरणार असाल तर पहिल्या वर्षी तण भराभर वाढतं, ते सहा-आठ इंचांवर कापत राहायचं. त्या वर्षी रोपं सगळा जोर मुळांत घालतात, वर जेमतेम चार पानं दिसतात. बी फुकट गेलं असं समजून कुणीही खणून टाकू नये. फुलं साधारण तिसऱ्या उन्हाळ्यापासून धरतात.